उशीर

नवापूरच्या अलीकडे, रंगावलीच्या काठी
आमचं चर्च म्हणजे कुडाच्या चार भिंती, वर पत्रा,
आणि घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा.
महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन.
मनुका रात्री भिजत घालायच्या, पहाटे उकळून गाळायच्या,
ते माझ्या आईचं काम.
भाकर तांदळाची. पेला एकच, स्टीलचा,
कुणाच्या तरी लग्नातला; कोरलेलं नाव घासून घासून गेलेलं.

वांती दाराशी बसायची, चपलांच्या अलीकडे.
दिराचं पोर तापानं गेलं, मग दोन बैल,
मग भगतानं सुपात दाणे टाकून तिचं नाव काढलं :
डाकीण.
आमच्याकडे आली तेव्हा डोक्यावर केस नव्हते
आणि कानाच्या पाळ्या फाटलेल्या.
पाळक म्हणाले, ही आपली बहीण.
आम्ही आमेन म्हणालो.
मोठ्यानं म्हणालो, मला आठवतं.

पण पेला पुढून मागे यायचा
आणि ती सगळ्यांत मागे.
कुणी तिला तिथे बस म्हटलं नव्हतं,
कुणी तिथून ऊठ म्हटलं नव्हतं.
तिच्यानंतर पेल्याला ओठ लावायला कुणी उरत नसे.
तळाचं उरलेलं पाळक चिंचेच्या मुळाशी ओतत.
असं वर्षभर. कुणाचंच काही चुकत नव्हतं.

मग राहेल आजीला उशीर व्हायला लागला.
राहेल आजी, सुईण, निम्म्या मंडळीची नाळ तिनं कापलेली.
दुसरं गीत संपता संपता काठी टेकत यायची,
पुढे राखलेल्या जागेकडे न जाता
वांतीच्याही पलीकडे, थेट चपलांवर बसायची.
पेला वांतीकडून तिच्याकडे.
ती तो पुसायची नाही,
फिरवून दुसरी कड शोधायची नाही.
तळापर्यंत प्यायची, मग पेला उपडा करून
पाळकांना दाखवायची, लहान मूल दाखवतं तसा.
चिंचेला त्या वर्षी काही मिळालं नाही.

"म्हातारपण," आई म्हणाली. "घर लांब, पाय चालत नाहीत."
मी सोळाचा होतो. एका रविवारी
रूळ ठोकायचं काम माझ्याकडे आलं म्हणून लवकर गेलो,
तर आजी आधीच आलेली,
चर्चमागे पळसाखाली, बिडी ओढत,
वाटेकडे डोळे लावून.
वांती आत गेली. तरी ती उठेना.
मी पाहिलं, हे तिनं पाहिलं.
"ठोक तू," म्हणाली, "मला अजून उशीर व्हायचाय."

ती गेली पौषात. मंडळी ऊसतोडीला बारडोलीकडे,
खड्डा खणायला आम्ही चौघंच.
पाचवी वांती. माती हातांनीच ओढत होती.

पुढच्या पहिल्या रविवारी पेला माझ्यापाशी आला.
माझ्यानंतर दोघं, मग वांती.
मला उठून मागे जायचं होतं.
गुडघा उचललाही होता.
कुणीतरी मागून सदरा धरावा तसं झालं,
आईनं नव्हे; आईचे हात तर तिच्या मांडीवर होते.
चिंचेच्या मुळाशी लाल ओतलं गेलं.
वांतीनं ते पाहिलं, ओठ पुसले, चपला घातल्या.
कुणी म्हणतं उच्छलला दिसली, कुणी म्हणतं सुरतेला.

आता भिंती पक्क्या आहेत.
चाळीस छोटे पेले ट्रेमधून येतात, ज्याचा त्याला.
आरोग्याच्या दृष्टीनं बरं, सगळे म्हणाले.
मीही म्हणालो; पावतीवर सही माझी आहे.
मनुका आता मी उकळतो.

दाराशी हल्ली एलिया बसतो, गावितांचा,
सुरतेहून परतलेला, गळ्याची हाडं दिसणारा.
दवाखान्याचं कार्ड बायबलमध्ये ठेवतो.
त्याच्या आजाराचं नाव कुणी तोंडानं घेत नाही.
मी उशिरा जातो. चपलांवर बसतो.
पण ट्रे येतो, त्यात दोन पेले, वेगवेगळे, भरलेले.
आजी, तुझ्या वेळी हे सोपं होतं.

या रविवारी मी माझा ट्रेमध्येच राहू दिला
आणि त्याला हळूच म्हटलं,
"थांब, सगळा पिऊ नको."